सरूप शब्दांचा संभ्रम आणि नागपूरची परिभाषा

राज्यकर्ते बदलले म्हणजे ध्वज एका दिवसात बदलता येतो. परंतु कचेरीतील भाषा तितक्या सहजासहजी बदलत नाही. ज्या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या सारा आकारला गेला, वारसा ठरला, शिक्षा फर्मावल्या गेल्या, ते शब्द बाजूस सारून त्यांच्या जागी दुसरे बसवावयाचे, तर प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ कोणता हे आधी निश्चित करावे लागते. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत खरी अडचण येथेच उभी राहते. ऐकण्यात सारखे परंतु मुळात परके असे शब्द त्या भाषेत पुष्कळ आहेत. तद्वतच दिसण्यात भिन्न परंतु एकाच कुळातले शब्दही थोडेथोडके नाहीत. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्याला या कुळकथेची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. ज्याला त्या शब्दाचा प्रतिशब्द घडवावयाचा असतो, त्याला मात्र ती टाळता येत नाही. ही चौकशी मोठ्या प्रमाणावर ज्या नगरांत झाली, त्यांत नागपूरचे स्थान अग्रभागी आहे.

१८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर हे एका द्विभाषिक राज्याचे राजधानीचे शहर होते. नागपूर, वर्धा, चांदा व भंडारा आणि वऱ्हाडातील अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ असे आठ जिल्हे मराठी; उरलेला प्रदेश मुख्यतः हिंदी. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाने राज्यकारभार लोकांच्या भाषेत आणण्याचे मनावर घेतले, तेव्हा हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना चालेल अशी एकच परिभाषा असावी हा विचार पुढे आला. याच सुमारास, १९४६ मध्ये, डॉक्टर रघुवीर यांनी आपली ‘सरस्वती विहार’ ही संस्था लाहोरहून नागपुरास आणली. रावळपिंडीस जन्मलेले, लंडन व युट्रेक्ट येथे अध्ययन केलेले हे संस्कृतज्ञ पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वतीने घटनासमितीचेही सभासद झाले. संस्कृतातील पाचशेंहून अधिक धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय यांच्या संयोगाने आधुनिक जीवनातील कोणतीही कल्पना व्यक्त करता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांच्या परिश्रमाचे फळ म्हणजे राज्यव्यवहाराच्या व शिक्षणाच्या शब्दांचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला बृहत् इंग्रजी-हिंदी कोश.

हा प्रयत्न महाराष्ट्राला सर्वस्वी नवा नव्हता. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांचा कोश प्रसिद्ध करविला. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द रूढ केले. परंतु या पूर्वीच्या प्रयत्नांत बहुधा एका शब्दास एक पर्याय शोधला जाई. नागपूरच्या प्रयत्नाचा विशेष असा की, तेथे शब्द सुटा न घेता त्याचे संपूर्ण कुटुंब एकदम विचारात घेतले गेले.

या पद्धतीची कसोटी पाहावयाची असेल तर प्रथम ‘लॉ’ आणि ‘लीगल’ हे दोन शब्द घ्यावेत. एक नाम, दुसरे त्याचेच विशेषण, असे कोणासही वाटेल. दोहोंचा आरंभही एकाच ध्वनीने होतो. वस्तुतः त्यांचा परस्परांशी रक्तसंबंध नाही. ‘लॉ’ हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांनी इंग्लंडात आणला. त्याचा मूळ अर्थ ‘घालून दिलेले’, ‘मांडून ठेवलेले’ असा आहे, आणि इंग्रजीतील ‘ले’ म्हणजे ठेवणे हे क्रियापद त्याचे सगोत्र आहे. ‘लीगल’ मात्र रोमन लोकांच्या ‘लेक्स’ या शब्दापासून निघाला. त्याच ‘लेक्स’च्या घरचा एक मुलगा फ्रान्समार्गे इंग्लंडास गेला आणि तेथे ‘लॉयल’ म्हणून नांदू लागला. म्हणजे ‘लीगल’ व ‘लॉयल’ हे सख्खे भाऊ, आणि ‘लीगल’ व ‘लॉ’ हे केवळ शेजारी. विधिमंडळातील ‘प्रिव्हिलेज’ हाही ‘लेक्स’च्याच घरचा, एकट्यादुकट्यापुरता केलेला कायदा हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत त्यास ‘विशेषाधिकार’ म्हणतात, आणि त्याच्या उल्लंघनास ‘हक्कभंग’ हा सुटसुटीत शब्द रूढ झाला आहे.

नागपूरच्या परिभाषेने या विजोड कुटुंबासाठी ‘धा’ हा एकच धातू निवडला. ‘धा’ म्हणजे ठेवणे. त्यास ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विधि’ झाला. आणि मग वैध, विधान, विधायक, विधेयक, विधानमंडल, संविधान अशी सारी परंपरा ओळीने उभी राहिली. इंग्रजीत जे शेजारी होते ते संस्कृतात खरोखरीचे भाऊ झाले. शिवाय यात एक मौज आहे. ‘लॉ’ म्हणजे ठेवलेले आणि ‘विधि’ म्हणजेही ठेवलेले. धातू निराळे असले तरी दोन दूरच्या समाजांनी कायद्याकडे पाहताना एकच चित्र डोळ्यांपुढे आणले होते. इतकेच नव्हे, तर इंग्रजीतील ‘डू’ हे क्रियापद, ‘डीड’ हे नाम आणि ग्रीकांची न्यायदेवता ‘थेमिस’ ही सर्व मंडळी भाषाशास्त्रदृष्ट्या ‘धा’ धातूचीच दूरची आप्त ठरतात. दस्तऐवजास इंग्रज ‘डीड’ म्हणतो तेव्हा नकळत तो ‘विधी’च्या नातलगाचेच नाव घेत असतो.

दुसरे कुटुंब ‘रूल’ आणि ‘रेग्युलेशन’ यांचे. येथे प्रकार उलट आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘रेग्युला’ म्हणजे सरळ पट्टी या एकाच शब्दापासून निघाले. एक फ्रेंचांच्या तोंडी झिजून आखूड झाला, दुसरा पंडितांच्या लेखणीतून लांबच राहिला. रेषा आखण्याच्या पट्टीलाही इंग्रज ‘रूलर’ म्हणतो आणि राज्य करणाऱ्यालाही. ही ‘रेग’ म्हणजे सरळ करण्याची कल्पना संस्कृतातील ‘ऋजु’ या शब्दाशी, आणि बहुतेक विद्वानांच्या मते ‘राजन्’ या शब्दाशीही, जुळते. परिभाषाकारांनी मात्र येथे आवरणे या अर्थाचा ‘यम्’ धातू घेतला, आणि ‘रूल’ला ‘नियम’, ‘रेग्युलेशन’ला ‘विनियम’ व ‘ॲक्ट’ला ‘अधिनियम’ असे तीन शब्द निश्चित केले. ‘ॲक्ट’ हा स्वतः हाकणे, चालविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला असून संस्कृतातील ‘अज्’ धातू त्याचा सगोत्र आहे. इंग्रजीत ‘ॲक्ट’ म्हणजे कृत्यही होते, नाटकाचा अंकही होतो आणि कायदाही होतो; मराठीत या तीन अर्थांना तीन निराळे शब्द मिळाले, हा लाभच होय.

सरूपतेचा सर्वांत ठळक नमुना नागपूरकराच्या दारातच आहे. ‘ऑर्डिनन्स’ आणि ‘ऑर्डनन्स’ या दोन शब्दांत केवळ एका इकाराचे अंतर. पहिल्याचा अर्थ विधिमंडळ भरलेले नसताना काढलेला तात्पुरता कायदा. दुसऱ्याचा अर्थ तोफा, दारूगोळा व युद्धसामग्री. दोन्ही मुळात एकच शब्द होत. लॅटिन ‘ऑर्डो’ म्हणजे रांग किंवा क्रम. त्यापासून व्यवस्था लावणे, आणि मग फ्रेंचांचा ‘व्यवस्था’ या अर्थाचा शब्द. राजाने लावलेली व्यवस्था ती आज्ञा झाली. सैन्याच्या सामग्रीची व्यवस्था ती पुढे तोफखाना झाली. प्रारंभी दोहोंची अक्षरे एकच होती. पुढे अर्थ दुरावले तसे लेखनातही एक अक्षर गळून ती वेगळी झाली. पहिल्या अर्थाचा शब्द हिंदुस्थानास फार कडू अनुभवाने परिचित झाला. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला सहा महिने टिकणारे ऑर्डिनन्स काढण्याचा अधिकार मिळाला, आणि कायदेभंगाच्या काळात त्याचा वापर सढळ हाताने झाला. मराठी वृत्तपत्रांनी त्यास ‘वटहुकूम’ म्हटले. नव्या परिभाषेने ‘आदेश’ या शब्दास ‘अधि’ जोडून ‘अध्यादेश’ केला. दुसऱ्या अर्थासाठी ‘आयुध’ हा जुनाच शब्द पुढे आला, आणि १९६६ साली नागपूरजवळ निघालेला कारखाना ‘आयुध निर्माणी, अंबाझरी’ या नावाने लोकांच्या तोंडी बसला. इंग्रजी वाचताना एका अक्षराने फसगत होते तेथे मराठी वाचकास फसण्याचे कारणच उरले नाही.

‘कौन्सिल’ आणि ‘कौन्सेल’ या जोडीचा इतिहासही नागपूरच्या राजकारणात मिसळलेला आहे. पहिल्याचे मूळ ‘एकत्र बोलाविणे’ या अर्थाचे, दुसऱ्याचे ‘सल्लामसलत करणे’ या अर्थाचे. मूळ लॅटिनमध्ये हे दोन स्वतंत्र शब्द होते. परंतु जेथे माणसे जमतात तेथे सल्ला होतो, आणि सल्ल्यासाठीच माणसे जमतात, यामुळे मध्ययुगीन इंग्लंडात त्यांची पुरती सरमिसळ झाली. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास भरलेल्या काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम कायम केला, त्यात कौन्सिलांवरील बहिष्कार हे एक प्रमुख कलम होते, आणि न्यायालयांवरील बहिष्कार हे दुसरे. म्हणजे एका कलमाने ‘कौन्सिल’ सोडावयाचे, दुसऱ्याने ‘कौन्सेल’गिरी म्हणजे वकिली सोडावयाची! पुढे १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने याच प्रांतात स्पष्ट बहुमत मिळविले आणि द्विदल राज्यपद्धती अडवून धरली. आज मराठीत ‘परिषद’ आणि ‘सल्ला’ यांत कोणी गल्लत करीत नाही. नगरपालिकेतील ‘कौन्सिलर’ तो नगरसेवक, आणि मनाचे ओझे हलके करणारा ‘कौन्सेलर’ तो समुपदेशक.

हीच गोष्ट ‘बिल’ या शब्दाची. लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा. त्यावरून लाखेची गोल मोहोर. मोहोरेवरून मोहोरबंद कागद. आणि त्या कागदावरून एकीकडे विधिमंडळापुढील मसुदा, तर दुसरीकडे दुकानदाराचा हिशेब. पक्ष्याच्या चोचीलाही इंग्रजीत ‘बिल’ म्हणतात, परंतु तो शब्द अगदी निराळ्या घरचा. मराठी राज्यव्यवहाराने मसुद्यास ‘विधेयक’ व हिशेबास ‘देयक’ म्हटले. ‘प्रिन्सिपल’चेही असेच. पहिला, प्रमुख या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेले आणि केवळ शेवटच्या अक्षरांत भिन्न असे दोन शब्द इंग्रजीत आहेत. एकाचा अर्थ तत्त्व, दुसऱ्याचा प्रमुख. महाविद्यालयात हा दुसरा शब्द प्राचार्य होतो आणि सावकाराच्या वहीत तोच मुद्दल ठरतो.

मात्र शब्द केवळ धातूंच्या गणिताने जगत नाहीत, हेही नागपूरनेच दाखवून दिले. ‘सेक्रेटरी’ हा शब्द पाहावा. वेगळे काढलेले, म्हणून गुप्त, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला. धन्याचे गुपित ज्याच्यापाशी असते तो सेक्रेटरी. मराठीत या कामासाठी ‘चिटणीस’ हा शब्द होता. चिठ्ठी लिहिणारा हा त्याचा अर्थ, आणि त्याचे शेपूट फारसी. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी हे पद होते, त्याच पदावरून एका घराण्याचे नाव चिटणवीस पडले, आणि त्या घराण्यातील सर गंगाधरराव हे १९२१ साली मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले. राज्यव्यवहाराने अखेर ‘सचिव’ हा शब्द स्वीकारला. तोही शिवकालीनच, अष्टप्रधानांत पूर्वीच्या सुरनीसास ‘सचिव’ हे नाव मिळाले होते. ‘सचिव’ म्हणजे सोबत राहणारा. इंग्रजांचा अधिकारी गुपिताचा धनी, फारसीमिश्रित मराठीचा अधिकारी लेखणीचा धनी, आणि संस्कृताचा अधिकारी राजाचा सोबती. काम एकच, परंतु तीन भाषांनी त्याची तीन अंगे पाहिली. ‘चिटणीस’ मात्र नाहीसा झाला नाही. राजकीय पक्षांत व सार्वजनिक संस्थांत तो अद्याप मानाने नांदतो.

‘रजिस्ट्रार’ या शब्दाची वाटणी तर नकाशावर दाखविता येईल. नव्या परिभाषेत ‘रजिस्ट्रेशन’ला ‘पंजीयन’ हा शब्द आला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा ‘पंजीयन’ हा शब्द भोपाळच्या बाजूस गेला आणि तेथे आजही प्रचारात आहे. विदर्भात मात्र ‘नोंद’ या साध्या शब्दापासून झालेली ‘नोंदणी’च टिकली. तेथे विद्यापीठाचा रजिस्ट्रार कुलसचिव झाला, सहकारी संस्थांचा रजिस्ट्रार निबंधक झाला आणि न्यायालयाचा रजिस्ट्रार प्रबंधक झाला. कोशकारास एका इंग्रजी शब्दास एक संस्कृत शब्द हवा असतो. व्यवहारास मात्र तीन निरनिराळ्या माणसांसाठी तीन नावे सोयीची वाटतात.

‘विधि’ या मूळ शब्दाचेही मराठीत पूर्णतः जमले नाही. मराठी माणसास विधी म्हणजे लग्नमुंजीतील धार्मिक कर्म, आणि ‘विधान’ म्हणजे एखाद्याने केलेले म्हणणे. म्हणून ‘विधिमंडळ’, ‘विधानसभा’, ‘विधेयक’ हे सर्व शब्द मराठीने घेतले, परंतु खुद्द ‘लॉ’साठी अरबी वंशाचा ‘कायदा’ आपल्या जागेवरून हलला नाही. संविधानाच्या हिंदी पाठात ‘विधि’ आहे. मराठी पाठात ‘कायदा’ आहे. तो शब्द शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना समजतो, हेच त्याच्या चिवटपणाचे कारण होय.

टीकाकारांनी या परिभाषेवर आक्षेप घेतले, आणि थट्टाही पुष्कळ झाली. आगगाडीस ‘लोहपथगामिनी’ किंवा नेकटायीस ‘कंठलंगोट’ असले विनोदी शब्द डॉक्टर रघुवीरांच्या नावावर खपविले गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये पदनामकोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यास ‘बदनामकोश’ म्हटले. थट्टेचा भाग सोडला तरी एक आक्षेप खरा आहे. इंग्रजी सरूपतेचा घोळ मिटविताना नवी परिभाषा स्वतःचा घोळ निर्माण करते. आदेश, अध्यादेश, निदेश, निर्देश. विधायक आणि विधेयक. हे शब्द नवख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळतात. ‘विनियम’ म्हणजे रेग्युलेशन आणि ‘विनिमय’ म्हणजे देवाणघेवाण. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की अर्थ पालटतो. गंमत अशी की, या दोन शब्दांचे धातूही भिन्न आहेत. ‘लॉ’ आणि ‘लीगल’ यांचीच कथा संस्कृताच्या अंगणात पुन्हा घडली.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ समजावयाचा काय? तसे म्हणता येणार नाही, कारण येथे प्रश्न केवळ कोशातील सौंदर्याचा नाही. भारताच्या संविधानातील १३ वा अनुच्छेद सांगतो की, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कोणताही कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत होय. आणि ‘कायदा’ या शब्दात काय काय येते हे सांगताना तो अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि रूढी किंवा परिपाठ अशी गणतीच करतो. यातील प्रत्येक शब्दामागे निरनिराळा अधिकार आहे. अधिनियम विधिमंडळ करते. अध्यादेश राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यावर ठराविक मुदतीत तो संपतो. नियम शासन करते, परंतु अधिनियमाने दिलेल्या मर्यादेतच. उपविधी एखादी संस्था आपल्यापुरते करते. ज्याच्या हाती कचेरीची नोटीस पडली, त्याला ती कशाच्या आधाराने निघाली आहे हे कळले तरच तिच्याविरुद्ध कोठे दाद मागावी हे कळते. सर्वांना सरसकट ‘सरकारचा हुकूम’ म्हणण्याची सवय परक्या राज्यात क्षम्य होती, कारण तेथे दाद मागण्याची वाट अरुंद होती. स्वराज्यात ती सवय नागरिकाच्याच मुळावर येते.

हे ओळखूनच मध्यप्रांत विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त यांच्या अध्यक्षतेखाली संविधानाच्या हिंदी अनुवादाची समिती बसली, राहुल सांकृत्यायनांसारखे पंडित तीत सामील झाले, आणि निरनिराळ्या प्रांतांतील भाषातज्ज्ञांची परिषद भरवून संविधानातील शब्दांचे पर्याय ठरविण्यात आले. त्यांतील सर्वच रुजले नाहीत. परंतु ज्या दोन अर्थांत भेद करण्याची गरज खरोखरच लोकव्यवहारास होती, तेथे नवे शब्द झपाट्याने रुळले. ‘अध्यादेश’, ‘विधेयक’, ‘आयोग’, ‘समिती’ हे शब्द आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणत्याही घरात कोशावाचून समजतात; आणि जेथे भेद केवळ कोशापुरता होता तेथे नवा शब्द कोशातच राहिला.

१९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरविण्याचे ठरले, आणि १९६० नंतर हिवाळी अधिवेशनाची ती प्रथा पडली. त्या दिवसांत विधानभवनात विधेयके मांडली जातात, अध्यादेशांचे अधिनियमांत रूपांतर होते, हक्कभंगाच्या सूचना येतात. बोलणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास हे शब्द घडविलेले आहेत याची आठवणही होत नाही. ज्या शहरात त्यांतील कित्येकांची घडण झाली, त्याच शहरात ते इतके अंगवळणी पडावेत, यातच त्या परिश्रमांचे मोल दिसून येते.